डोटा २ मध्ये सपोर्ट हीरो कसा निवडायचा : नव्या खेळाडूंसाठी

डोटा २ हा पाच विरुद्ध पाच असा कॉम्प्युटरवरचा खेळ. प्रत्येकाने एक हीरो निवडायचा आणि समोरच्यांचा तळ पाडायचा. मित्रांच्या टोळीत नवा भिडू आला की संवाद ठरलेला असतो. "मिड माझं, कॅरी हा घेईल, तू आपला सपोर्ट घे." मिड म्हणजे मधल्या वाटेचा खेळाडू, कॅरी म्हणजे पुढे सामना ओढून नेणारा, सपोर्ट म्हणजे त्यांना सांभाळणारा. नव्या माणसाला सोपं काम द्यावं, एवढाच त्यामागचा विचार. सपोर्टला सोपं म्हणणारा बहुधा स्वतः कधी पाच नंबरवर, म्हणजे सपोर्टच्या जागेवर, खेळलेला नसतो, ही गोष्ट वेगळी.

मग तो नवा भिडू निवडीच्या पडद्यासमोर येतो. सव्वाशेच्या आसपास हीरो, वर घड्याळ पळतंय, कानात चौघे "लवकर कर" म्हणून ओरडतायत. दिसायला झकास वाटेल त्यावर तो क्लिक करतो, आणि पुढची चाळीस मिनिटं सगळे त्याला शिव्या घालतात. हे टाळता येतं. मी बराच काळ पाच नंबरवरच खेळतो आहे. या जागेवर नव्याने येणाऱ्यांना जे सांगतो, ते इथे क्रमाने लिहितो.

सगळ्यात आधी एक प्रश्न डोक्यात पक्का करा, कारण बाकीचं त्याभोवतीच फिरतं : पंधराव्या मिनिटाला या हीरोच्या अंगावर बूट आणि मॅजिक वाँड हे आयटम (खेळातल्या गोल्डने घ्यायच्या वस्तू) सोडून काहीच नसलं, तरी हा उपयोगाचा आहे का? उत्तर "हो" असेल तर तो सपोर्ट. "नाही, पण एकदा का आयटम आले की बघाच" असं असेल तर तो दुसऱ्याच कुणाच्या जागेचा हीरो आहे.

## आधी जवळ काय काय हवं

- स्टीमचं खातं. खेळ फुकट आहे आणि एकही हीरो विकत घ्यावा लागत नाही. पैसे जातात ते हीरोच्या कपड्यालत्त्यांवर आणि डोटा प्लसच्या वर्गणीवर. सुरुवातीला दोन्ही नको.
- डिस्कवर ६० जीबी रिकामी जागा आणि निदान ४ जीबी रॅम. ४ जीबीवर खेळ सुरू होतो, पण मागे ब्राउझर उघडा ठेवू नका.
- शक्य असेल तर राउटरपासून लॅपटॉपपर्यंत वायर. वायफायवर, त्यातही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळणार असाल तर तिसरी पायरी नीट वाचा.
- माइक असलेला हेडफोन. महागडा नको, आवाज कळला म्हणजे झालं.
- रँक्ड (दर्जा ठरवणारे सामने) खेळायचं असेल तर स्वतःचा फोन नंबर खात्याला जोडलेला हवा आणि खेळाचे १०० तास पूर्ण झालेले हवेत. हे १०० तास वाया जातात असं समजू नका, हीरो निवडायला आणि घोटवायला तेच उपयोगी पडतात.

## १. चार की पाच, ते ठरवा

डोटात जागांना १ ते ५ असे आकडे असतात. गोल्डवर कुणाचा हक्क आधी, त्याचा तो क्रम. १ म्हणजे कॅरी, २ मिड, ३ ऑफलेन, म्हणजे आपल्याला जास्त धोक्याच्या वाटेवरचा (वाट म्हणजे लेन). ४ आणि ५ हे दोन्ही सपोर्ट, पण त्यांचं काम सारखं नाही.

पाचवाला सुरुवातीला कॅरीसोबत सेफ लेनमध्ये, म्हणजे आपल्याला सुरक्षित वाटेत, उभा राहतो. कॅरीला शांतपणे लास्ट हिट मिळावेत (क्रीपला, म्हणजे लेनमधून आपोआप चालणाऱ्या शिपायांना, शेवटचा फटका मारला की गोल्ड मिळतं), समोरच्याने त्याला हुसकावू नये, हे त्याचं पहिल्या आठ-दहा मिनिटांचं काम. पुढे वॉर्ड (नकाशावर नजर ठेवणारे), स्मोक (आपल्याला लपवणारा), डस्ट (अदृश्य शत्रूला उघडं पाडणारी) यांचा बहुतेक खर्च त्याच्याच खिशातून होतो. चारवाला ऑफलेनवाल्याबरोबर सुरू करतो, लवकरच लेन सोडून नकाशावर हिंडायला लागतो आणि मिडला जाऊन कुणाला तरी गाठतो. त्याला गोल्ड थोडं जास्त मिळतं, पण चुकीच्या वेळी चुकीच्या ठिकाणी गेला तर दोन्हीकडून जातो.

नव्याने पाचवरून सुरुवात करावी असं माझं मत आहे. चारला नकाशा वाचता यावा लागतो, आणि तो पाचवर उभं राहून वाचायला येतो. शत्रूचा मिड कधी गायब झाला, कोण कुठून येऊ शकतो, हे बघायला पाचवाल्याला वेळ असतो, कारण त्याच्या डोळ्यांना सतत क्रीपच्या रक्तावर नजर ठेवायची नसते. दी इंटरनॅशनल ही डोटाची सर्वांत मोठी स्पर्धा. तिथे कप उचललेले कर्णधार पाहा : २०१५ मध्ये इव्हिल जीनियसेसचा पीपीडी, २०१७ मध्ये टीम लिक्विडचा कुरोकी, २०१८ आणि २०१९ मध्ये ओजीचा नोटेल, २०२१ आणि २०२३ मध्ये टीम स्पिरिटचा मिपोश्का. सगळे पाच नंबरचे खेळाडू. "सपोर्ट म्हणजे उरलेलं काम" म्हणणाऱ्या मित्राला ही यादी पाठवून द्या.

## २. रिकाम्या खिशाचा निकष लावा

हीच खरी पायरी, म्हणून जरा थांबून लिहितो.

खेळ सुरू होताना प्रत्येकाकडे ६०० गोल्ड असतं. कॅरी त्यातून स्वतःची सोय बघतो. पाचवाला रक्त भरायला टँगो आणि सॅल्व्ह घेतो, माना (शक्ती वापरायचं इंधन) भरायला क्लॅरिटी घेतो आणि अदृश्य गोष्टी दाखवणारा ५० चा सेंट्री वॉर्ड घेतो. ऑब्झर्व्हर वॉर्ड फुकट मिळतो, पण त्याचा साठा मोजकाच असतो आणि लावलेला वॉर्ड ६ मिनिटांत विझतो, म्हणून पुन्हा पुन्हा लावत बसावं लागतं. पुढे समोर रिकी किंवा बाउंटी हंटरसारखा अदृश्य होणारा कुणी असला की ८० ची डस्ट. गँक करायला (कुणाला तरी गाठून मारायला) जायचं तर ५० चा स्मोक. मेलात तर आणखी गोल्ड गेलं. अशा संसारात दोन हजारांचा आयटम घ्यायचा म्हणजे किती वेळ लागेल, याचा अंदाज तुम्हाला आला असेल.

म्हणून हीरोचं पान उघडा आणि फक्त त्याच्या शक्ती वाचा. आयटमचा विचारच करू नका. तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली : शत्रूला जागेवर धरून ठेवणारं काही आहे का? स्टन (सुन्न करणं), हेक्स (प्राणी करून टाकणं), रूट (पाय जखडणं), काहीही चालेल. लायनकडे अर्थ स्पाइकचा स्टन आहे आणि वर हेक्सही आहे. हेक्स लागला की समोरचा बिचारा टुणटुण उड्या मारणारा प्राणी होतो, त्याच्या शक्तीही बंद पडतात. शॅडो शामनकडेही तशीच दोन हत्यारं. हे दोघे बुटांशिवायही धोकादायक आहेत, कारण हेक्सला गोल्ड लागत नाही, फक्त माना लागतो. तोही लायन समोरच्याचाच शोषून घेतो.

दुसरी : आपल्या माणसाला वाचवणारं काही आहे का? लिच फ्रॉस्ट शील्ड चढवतो. वॉरलॉक शॅडो वर्डने हळूहळू रक्त भरून देतो. डॅझलची शॅलो ग्रेव्ह तर अशी, की ती लागलेली असताना काही सेकंद तो हीरो मरतच नाही, कुणी कितीही बडवलं तरी. पुढे बीकेबी, म्हणजे ब्लॅक किंग बार, आले की या दुसऱ्या जातीच्या शक्तींना भाव येतो. समोरच्या कॅरीने बीकेबी चालू केलं की बहुतेक स्टन आणि हेक्स त्याला लागत नाहीत, पण तुम्ही आपल्या माणसावर चढवलेली शॅलो ग्रेव्ह तुमच्या हातातच असते.

तिसरी : लेव्हल वाढल्याने ही शक्ती वाढते, की आयटमने? काही हीरोंचा मार हा त्यांच्या हल्ल्याच्या वेगावर आणि घेतलेल्या तलवारींवर उभा असतो. त्यांना सपोर्टच्या जागी बसवलं तर ते उपाशी मरतात. लेव्हलवर चालणारे हीरो गरिबीतही वाढतात. सातव्या मिनिटापासून नकाशाच्या कडेला विस्डमचा जो अनुभव (लेव्हल वाढवणारे गुण) मिळतो, तो अशांनीच घ्यायचा असतो.

तीनपैकी दोन गोष्टी असल्या तरी हीरो चालेल. एकही नसेल तर तो कितीही आवडता असो, पाचवर नको.

## ३. तुमचं नेट आणि तुमचा हात बघा

ही पायरी यूट्यूबवरच्या मार्गदर्शकांत क्वचित सापडते, कारण ते करणाऱ्यांचा पिंग (नेटला लागणारा उशीर) बहुधा चांगला असतो.

डोटातल्या शक्ती ढोबळपणे दोन प्रकारच्या. एक, शत्रूवर थेट क्लिक करायची. लायनचा हेक्स, ओग्र मॅजायचा फायरब्लास्ट, लिचचा फ्रॉस्ट ब्लास्ट यातले. क्लिक नेमका झाला की काम झालं. दुसरा प्रकार जमिनीवर नेम धरून टाकायचा. जकिरोचा आइस पाथ हे त्याचं उत्तम उदाहरण : रेघ मारायची, क्षणभर थांबायचं, आणि तेवढ्यात समोरचा त्या रेघेवर असला पाहिजे. पिंग मधूनच वर उसळत असेल तर तुम्ही जिथे शत्रू पाहता तिथे तो आता नसतोच.

सर्व्हर निवडताना भारत आणि सिंगापूर, म्हणजे दक्षिण-पूर्व आशिया, दोन्हींचा पिंग तपासा. भारताचा सर्व्हर जवळचा असला तरी तुमच्या इंटरनेटवाल्याचा रस्ता कुठून जातो यावर बरंच अवलंबून असतं. आकडा साधारण स्थिर आणि कमी असेल तर कुठलाही हीरो घ्या. संध्याकाळी आठ वाजता घरात सगळे मोबाइलवर व्हिडिओ पाहायला बसले की तुमचा खेळ अडखळत असेल, तर पहिला हीरो क्लिक करायच्या शक्तीवाला घ्या. ओग्र मॅजाय त्यासाठी फार सोयीचा : शक्ती सरळ, आणि सुरुवातीलाच रक्त आणि आर्मर एवढं, की दोन चुका पोटात घालतो.

हाताचंही तसंच. चेनला रानातले क्रीप पाळून एकेकाला वेगवेगळं हलवावं लागतं. रुबिक दुसऱ्याची शक्ती चोरतो, म्हणजे समोरच्या पाचांच्या सगळ्या शक्ती तुम्हाला तोंडपाठ हव्यात. ऑरॅकलची प्युरिफाइंग फ्लेम्स आधी इजा करते आणि मग रक्त भरते. ती चुकीच्या क्षणी आपल्याच माणसावर टाकली तर त्याला तुम्हीच पोचवता. तिन्ही हीरो झकास आहेत. पण पुढच्या वर्षी.

## ४. शेजारी कोण उभा आहे ते बघा

सपोर्ट एकटा निवडायचा नसतो. लेनमध्ये तुमच्याबरोबर जो असेल, त्याला काय कमी आहे ते तुम्ही आणायचं.

एक प्रसंग जवळून दाखवतो. तुमचा कॅरी जगरनॉट, तुम्ही क्रिस्टल मेडन. जगरनॉट गरगर फिरतो, त्या ब्लेड फ्युरीच्या घेऱ्यात जो सापडेल त्याला जबर मार बसतो. अडचण एकच, शत्रू त्या घेऱ्यातून चालत बाहेर निघतो. आता तिसरं मिनिट. समोरचा ऑफलेनवाला लास्ट हिटच्या लोभाने आपल्या क्रीपच्या पुढे दोन पावलं येतो. तुम्ही झाडांच्या कडेला, त्याला दिसणार नाही अशा उभ्या. माना दोन शक्तींपुरता आहे ना, हे आधी पाहिलेलं. जगरनॉटच्या डोक्यावर पिंग (इथे इशाऱ्याची खूण) करता, म्हणजे तो तयार होतो. फ्रॉस्टबाइट टाकता. समोरच्याचे पाय गोठतात, त्याला हलता येत नाही, हाणताही येत नाही. त्याच क्षणी जगरनॉट येऊन त्याच्या अंगावर फिरायला लागतो. बर्फ सुटायला आला की क्रिस्टल नोव्हा, म्हणजे चाल मंद. तोपर्यंत तुम्ही मागून साधे फटके मारतच असता. बहुतेक वेळा तो आपल्या टॉवरपर्यंत (बचावाच्या बुरुजापर्यंत) पोचत नाही.

या सगळ्यात क्रिस्टल मेडनने काय विकत घेतलं होतं? काहीच नाही. जगरनॉटला जे कमी होतं, समोरच्याला जागेवर धरणं, ते तिने आणलं.

याच हिशेबाने बाकीचं लावता येतं. स्वेनकडे स्वतःचा स्टन आहे पण माना तोकडा, तिथेही क्रिस्टल मेडनची आर्केन ऑरा शोभते. हस्करचं रक्त जेवढं कमी तेवढा त्याचा हात जोरात चालतो, म्हणून त्याच्यामागे डॅझल असला की समोरच्यांना घाम फुटतो. स्पेक्टरसारखा कॅरी पहिली काही मिनिटं फारच दुबळा, त्याच्यापुढे छाती काढून उभा राहील असा ओग्र किंवा अनडाइंग हवा. समोर फँटम लान्सर दिसला, एकाचे दहा होणारा, तर एकेकाला धरणाऱ्या लायनपेक्षा सगळ्यांवर एकदम पडणारा जकिरो, वॉरलॉक किंवा अर्थशेकर बरा.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. कॅरीही दुबळा, सपोर्टही नाजूक, आणि दोघे पहिल्या पाच मिनिटांत आलटून पालटून मरतायत. कॅरी निवडलेला दिसत असेल तर तेवढं तरी पाहा.

## ५. तीनच हीरो ठरवा

सव्वाशेचा नाद सोडा. तीन पुरे. तीन का, तर एकावर बॅन (त्या सामन्यापुरती बंदी) पडतो, दुसरा समोरचा घेतो, तिसरा उरतो.

पहिला हीरो चुका पोटात घालणारा असावा. लिच किंवा ओग्र मॅजाय. माझं मत लिचला. शत्रूवर फ्रॉस्ट ब्लास्टचा क्लिक, आपल्या माणसावर फ्रॉस्ट शील्ड, मारामारीत दोघं-तिघं जवळ आले की चेन फ्रॉस्ट सोडून मागे सरकायचं. चेन फ्रॉस्ट एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो, त्यामुळे त्याला एकच माणूस सापडला तर वाया गेला समजा. एवढी एक गोष्ट समजली की अर्धा लिच आला.

दुसरा पकडणारा. लायन किंवा शॅडो शामन. शॅडो शामनचा वेगळा फायदा असा, की त्याचे मास सर्पंट वॉर्ड (हे नजर ठेवणारे नव्हे, मारा करणारे साप) टॉवर खातात. नव्यांच्या खेळात मारामाऱ्या जिंकून लोक टॉवर पाडायचंच विसरतात आणि घरी निघून जातात, तिथे हा एकटा सामना पुढे नेतो. फक्त त्याचं शॅकल्स लक्षात ठेवा : समोरच्याला बांधून ठेवताना तुम्हीही हलू शकत नाही. मित्र जवळ नसताना शॅकल्स टाकलं की दोघे बांधलेले, आणि त्याचे मित्र येतायत.

तिसरा वाचवणारा किंवा रक्त भरणारा. वॉरलॉक सोपा, डॅझल जरा अवघड. डॅझलची शॅलो ग्रेव्ह लवकर टाकली तर वेळ संपल्यावर माणूस मरतो, उशिरा टाकली तर आधीच मेलेला असतो. हे दहा-वीस सामन्यांत अंगवळणी पडतं. पडलं की मजा काही औरच.

क्रिस्टल मेडनचं वर एवढं कौतुक करूनही तिला तीनात का घेतलं नाही? चालीला मंद, रक्ताने कमी, आणि तिचा फ्रीझिंग फील्ड उभ्याने करायचा. कुठे उभं राहायचं हे कळेपर्यंत ती फार मरते. चौथी म्हणून जरूर घ्या.

## ६. नेहमीचे सापळे

पज. प्रत्येक नव्याला हूक मारायचा असतो. हूक लागला की टाळ्या, पण एक लागण्याआधी सहा हुकतात आणि तेवढा वेळ कॅरी एकटा दोघांशी भांडत असतो. मिरानाच्या बाणाचंही तेच. हौस भागवायची असेल तर अनरँक्डमध्ये, मित्रांना आधी सांगून.

जिंकण्याची टक्केवारी. डोटाबफवर किंवा ओपनडोटावर हीरोंची विन रेटनुसार यादी मिळते. तिच्यात चेनसारखं नाव वर दिसलं म्हणून घेऊ नका. असे हीरो फारच थोडे लोक खेळतात, आणि जे खेळतात ते वर्षानुवर्षं तेच खेळणारे. आकडा त्यांच्या हाताचा आहे. यादी बघायचीच तर आपल्या रँकच्या गाळणीतून बघा. हेराल्ड-गार्डियन या खालच्या रँकमधलं चित्र आणि इमॉर्टल या सगळ्यात वरच्या रँकमधलं चित्र यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

टर्बो. टर्बोमध्ये गोल्ड आणि अनुभव भराभर मिळतात, सामना लवकर संपतो, म्हणून नवे लोक तिथेच हीरो शिकतात. कळा कुठल्या दाबायच्या ते शिकायला ठीक. पण सपोर्टची गरिबी टर्बोत नसतेच. तिथे तुमच्या लायनकडे ब्लिंक डॅगर लवकर येतं, साध्या खेळात ते कधी कधी येतच नाही. टर्बोवरून "हा हीरो मला जमतो" असं ठरवू नका.

प्रो खेळाडूंची नक्कल. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एप्रिल २०१९ मध्ये ईएसएल वन मुंबई झाली, तेव्हापासून आपल्याकडे बऱ्याच जणांना मोठे सामने बघायची गोडी लागली. बघाच. पण त्याच वर्षी शांघायला ओजीने आयो हा गोळ्यासारखा दिसणारा सपोर्ट चक्क कॅरी म्हणून खेळवला आणि दी इंटरनॅशनल जिंकली. त्यांचे पाच जण एकमेकांना रोज ओळखणारे होते. तुमच्याबरोबरचे चार जण दोन मिनिटांपूर्वी भेटलेत. प्रो सामन्यातून वॉर्ड कुठे लावतात ते उचला, हीरो नको.

दुसरा कॅरी लपवणं. "सपोर्टची जागा घेतो, पण हीरो मार देणारा घेतो, म्हणजे टीम नीट खेळली नाही तर मीच सामना ओढीन." हा विचार फार जणांच्या मनात येतो. यात गोल्ड दोन कॅरींत वाटलं जातं, वॉर्ड कुणीच लावत नाही, आणि खरा कॅरी तुमच्यावर चिडतो. रांगेत सपोर्टची जागा मागितली की सामना लवकर मिळतो, म्हणून असे बरेच जण येतात. तुम्ही त्यातले होऊ नका.

## ७. निवडीआधी पारखून बघा

हीरोच्या पानावर डेमोचं बटण असतं. तिथे सामन्याशिवाय हीरो हातात घेता येतो, लेव्हल वाढवता येते, समोर पुतळा उभा करता येतो. एवढं करून बघा :

हीरोला लेव्हल ६ वर न्या, आयटम काही देऊ नका. माना पूर्ण भरून सगळ्या शक्ती एकापाठोपाठ टाका. माना किती उरला? काहीच उरत नसेल तर खऱ्या लेनमध्ये तुम्ही एक मारामारी करून पुढचं एक मिनिट प्रेक्षक असणार. क्लॅरिटीचा खर्च धरून चाला. मग शक्ती किती लांबून टाकता येते ते पाहा. लांबून टाकणारा हीरो नव्याला नेहमीच सोपा. शेवटी आपल्या माणसावर टाकायच्या शक्ती पडद्यावरच्या त्याच्या वरच्या चित्रावर क्लिक करून टाकायची सवय लावा. गर्दीत नेमका माणूस शोधण्यापेक्षा ते जलद होतं.

त्यानंतर बॉटबरोबर (कॉम्प्युटर चालवतो त्या खेळाडूंबरोबर) एक-दोन सामने. बॉट शिव्या देत नाहीत, हा मोठा फायदा. या सामन्यांत दोन गोष्टी हाताला लावून घ्या. एक, मिनिटाच्या साधारण त्रेपन्नाव्या-पंचावन्नाव्या सेकंदाला रानातला कँप (क्रीपचा अड्डा) बाहेर ओढून स्टॅक करणं, म्हणजे तिथे क्रीप साठवणं. दुसरं, पंधराव्या किंवा पंचेचाळिसाव्या सेकंदाच्या आसपास आपले लेन क्रीप रानातल्या कँपकडे वळवणं, म्हणजे पुल. हीरो जवळून मारणारा असो की लांबून, ही कामं पाचवाल्याकडूनच अपेक्षित असतात. लांबून मारणाऱ्याला ती सोपी जातात, हे निवडताना लक्षात ठेवा.

## ८. ड्राफ्टमध्ये कधी लॉक करायचं

ड्राफ्ट म्हणजे सामन्याआधीची हीरोंची निवड. ऑल पिक या प्रकारात हीरो टप्प्याटप्प्याने निवडले जातात आणि रिवाज असा, की सपोर्ट आधी उघडतात. मिड आणि कॅरीला शेवटी निवडायला मिळालं तर त्यांना समोरच्याचा तोडगा शोधता येतो. म्हणजे तुम्ही जवळजवळ डोळे झाकून निवडत असता. त्यामुळे तुमचा पहिला हीरो असा हवा, की समोर काहीही आलं तरी पूर्ण निकामी होणार नाही. लिच, लायन, शॅडो शामन तसे आहेत. डॅझल मात्र शक्य तर दुसऱ्या टप्प्यात, आपला कॅरी कळल्यावर.

निवडीच्या पडद्यावर कॅरीला सरळ विचारा : "तू काय घेणार आहेस?" भारताच्या सर्व्हरवर हिंदी-इंग्रजीत कुणीतरी उत्तर देतं, नाही दिलं तरी त्याने आधीच खूण करून ठेवलेला हीरो दिसतो. कुणी "हे काय घेतलंस" म्हणून भांडायला लागला तर म्यूट करा आणि खेळा. वाद घालत टाइप करणाऱ्याचा कॅरी मरतो, आणि बिहेवियर स्कोअर (वागणुकीचे गुण) खाली गेला तर पुढचे सोबतीही तसेच मिळतात.

## ९. हीरो जमला नाही हे कसं ओळखायचं

दोन-चार सामने हरलात म्हणून बदलू नका. सपोर्टचा निकाल बाकी चौघांच्या हातात असतो. त्यापेक्षा हरलेल्या सामन्याचा रीप्ले उघडा, आपल्या खेळाडूच्या नजरेतून लावा आणि फक्त पहिली दहा मिनिटं बघा. मेलात तेव्हा शक्ती टाकून मेलात की न टाकताच? वॉर्ड खिशात पडून होता का? कॅरीवर हल्ला झाला तेव्हा तुम्ही पडद्याच्या आत होतात का?

शक्ती न टाकताच मरताय, आणि बरेच सामने होऊनही तेच चाललंय, तर हीरो तुमच्या हाताला जड आहे. क्लिकवाल्या, जाड कातडीच्या हीरोकडे या. शक्ती टाकून मरताय तर हीरो ठीक आहे, उभं राहण्याची जागा चुकतेय. दोन पावलं मागे उभे राहा आणि हीरो तोच ठेवा.

पॅच (खेळातले नवे बदल) आला की शक्ती आणि किमती बदलतात, कधी कधी हीरोची एखादी शक्ती पूर्णच नवी येते. वर दिलेल्या किमतीही त्यात पुढेमागे होतील. पॅचची टिपणं पूर्ण वाचायची गरज नाही, आपल्या तीन हीरोंची नावं त्यात शोधा आणि तेवढ्या ओळी वाचा. तिघांपैकी कुणाची एखादी शक्ती बदलली असेल तर पुढचा सामना लावण्याआधी पुन्हा डेमो उघडा, लेव्हल ६, आयटमशिवाय.